ट्रॉलीवरचं शून्य

माझी बायको टेनिसची चॅम्पियन आहे हे मला लग्न ठरायच्या आधीपासून माहीत होतं, कारण मी ते एका उसाच्या ट्रॉलीवर वाचलं होतं. बारामती एमआयडीसीतल्या दूध प्लँटवरची पहिली पाळी संपवून मी मोटारसायकलवर पणदऱ्याला घरी चाललो होतो. पुढं उसानं गच्च भरलेली ट्रॉली, बाजूनं काढायला जागा नाही, त्यामुळं तिच्या मागच्या फळीवर काय लिहिलंय ते वाचण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. एरवी तिथं आईवडिलांचा आशीर्वाद असतो, नाहीतर नजर लागू नये म्हणून काहीतरी. इथं पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'आमची कन्या, टेनिस महिला एकेरी, तालुका अजिंक्य'. खाली तीन ओळी. सामने, विजय आणि पराभव. पहिल्या दोन आकड्यांवर इतक्यांदा रंग चढवला होता की ते फळीवरून फुगून वर आले होते. पराभवाच्या पुढं शून्य होतं. ते एकदाच काढलेलं, चपटं आणि उन्हानं फिकट पडलेलं.

माझं काम दुधाचं फॅट तपासायचं. त्यामुळं कुठलाही आकडा दिसला की यात पाणी किती, हेच आधी मनात येतं. पण त्या दिवशी मला भूक लागली होती. ट्रॉली वळली आणि मी घरी गेलो.

वर्षभरात त्याच ट्रॉलीच्या मालकाकडून स्थळ आलं. लासुर्ण्याचे शेतकरी, ऊस आणि चार गाई, घरात एकुलती एक मुलगी. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, पुढं मीही म्हणायला लागलो. बैठक लासुर्ण्यात त्यांच्या ओसरीवर झाली. देण्याघेण्याचं काही नाही, मानपानाचं काही नाही, असं आबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि आमच्याकडची मंडळी सैल बसली. मग आबा म्हणाले, एकच अट आहे. आमची मंडळी पुन्हा सावरून बसली.

"जावयानं पोरीसंगं टेनिस खेळायचं न्हाय," आबा म्हणाले. "कदीच न्हाय."

माझ्या थोरल्या चुलत्यांना टेनिस म्हणजे रमीसारखं काहीतरी वाटलं असणार. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आमच्या पोराला कसलंही व्यसन नाही, तो चहासुद्धा बेतानंच पितो. दोन्हीकडच्या माना हलल्या आणि सुपारी फुटली. मी टेनिसची बॅट आयुष्यात हातात धरली नव्हती. जे मला येतच नव्हतं ते न करण्याचं वचन देऊन मी लग्नाला उभा राहिलो.

लग्नानंतर तिनं मला तिच्या विजयांचा हिशेब समजावून सांगितला. लासुर्ण्यापासून जवळच एका जुन्या वसाहतीत सिमेंटचं टेनिस कोर्ट आहे. कुणा साहेबाच्या हौसेनं बांधलेलं. साहेब गेले, कोर्ट राहिलं. आता एरवी त्यावर पापड वाळतात आणि लग्नसराईत गाड्या लागतात. तिच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना एकदा शाळेच्या अडगळीत दोन रॅकेट सापडल्या. एकीला तारा होत्या. ती त्यांनी हिच्या हातात दिली आणि तालुक्याच्या स्पर्धेला नाव घातलं. तालुक्यात दुसरी कुठलीच मुलगी टेनिस खेळत नव्हती. समोर कुणी नाही म्हणून ही विजयी.

पण सर शिस्तीचे. खेळायलाच सुरुवात झाली नाही तर निकाल कसला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी नियम काढला की तिनं रेषेवर उभं राहून रिकाम्या कोर्टात एक सर्व्हिस करायची. चेंडूचा पलीकडं टप्पा पडून तो मागच्या जाळीला लागला की सर शिट्टी वाजवणार आणि हात वर करून हिचं नाव पुकारणार. जत्रेच्या फडात जोड नाही मिळाली तर पैलवान एकटाच फेरी मारून मान घेतो, तसंच हे, असं आबांनी गावाला समजावलं आणि गावाला ते लगेच पटलं. शाळा सुटली, पण पुढं तिथल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला क्रीडा महोत्सव भरू लागला. कोर्ट आहे म्हणून त्यात टेनिस ठेवलं, आणि टेनिस आहे म्हणून महिला एकेरी. दरवर्षी एक नाव, एक सर्व्हिस, एक ढाल. जिल्ह्याच्या स्पर्धेची वेळ आली की आबांचा ऊस नेमका तोडीला आलेला असायचा.

मी विचारलं, मग तू सराव कसा करतेस. ती म्हणाली, इकडून सर्व्हिस करायची, चालत पलीकडं जायचं, चेंडू उचलायचा आणि तिकडून इकडं सर्व्हिस करायची. गोठ्याच्या भिंतीवर का खेळत नाहीस, असं मी म्हणालो. तर भिंतीलाही बंदी. सर एकदा सहज बोलून गेले होते की भिंत कधी हरत नाही, आणि ते आबांच्या कानावर पडलं होतं.

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

"मला जिंकायचं पण नाही आणि हरायचं पण नाही," ती म्हणाली. "मी मारलेला चेंडू एकदा परत यायला पाहिजे, बस."

हे आबांना सांगायची सोय नव्हती, कारण तोवर ते शून्य त्यांच्या एकट्याचं राहिलं नव्हतं. हंगामात कारखान्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागते. मागच्या ड्रायव्हरला पुढच्या ट्रॉलीची फळी वाचण्यापलीकडं कामच नसतं. वाचून वाचून त्या ड्रायव्हर लोकांना हिची कारकीर्द तोंडपाठ झाली होती. ती शून्यवाली ट्रॉली पुढं असली की आपली ट्रॉली कलंडत नाही, अशी त्यांच्यात समजूत पसरली. आबांच्या मागं नंबर लावायला चढाओढ व्हायला लागली. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या फळीला कुंकू लागायचं. एका बाईनं कुणाशीही न खेळता मिळवलेल्या यशावर अर्ध्या तालुक्याचा ऊस सुखरूप पोचत होता.

अशात तालुक्यात जनावरांच्या नव्या डॉक्टर आल्या. बाई तरुण, स्कूटरवरून गावोगाव फिरणाऱ्या, गोठ्यात गमबूट घालून उतरणाऱ्या. कॉलेजात असताना त्या टेनिस खेळायच्या. महोत्सवाचा फ्लेक्स बघून त्यांनी सरांना फोन केला आणि महिला एकेरीत नाव घातलं. सरांनी ही बातमी आबांना कळवली तेव्हा आबांनी विचारलं म्हणे, कुणाच्या परवानगीनं.

आमच्या पणदऱ्याच्या घरात सण आल्यासारखं झालं. बायकोनं बारामतीहून नवे चेंडू आणले, बुटांना खडू लावला आणि रॅकेट हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवली. दोन दिवसांनी आबा पेरूची पिशवी घेऊन आले. पेरू वाटून झाल्यावर हळूच म्हणाले, ताप आलाय म्हणून सांग. ती म्हणाली, मी गेले नाही तर सर माझ्या नावावर पराभव लिहितील, त्यांना तुम्ही ओळखता. आबांनी हातातला पेरू खाली ठेवला. ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. गैरहजर राहायचं तर ते समोरच्या बाजूनंच राहायला हवं, एवढं त्या दिवशी पक्कं करून ते लासुर्ण्याला परतले.

सामन्याच्या सकाळी लासुर्ण्यातल्या सगळ्या गाई आजारी पडल्या.

हे मला नंतर कळलं. आम्ही दोघं कोर्टावर वेळेत पोचलो होतो. पापड उचलले होते, जाळी बांधली होती, सर पांढरी टोपी घालून उंच स्टुलावर चढले होते. ही आपल्या रेषेवर उभी. समोर कुणी नाही. वेळ झाली आणि टळून गेली. सरांनी घड्याळ बघितलं, मग आभाळ बघितलं, मग पुन्हा घड्याळ. शेवटी जड आवाजात म्हणाले, चल बाळा, नेहमीसारखी एक मार.

ती हातात चेंडू धरून उभी राहिली. मारेना. सरांनी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, मी नाही मारणार. सरांची पंचाईत झाली. समोरची आली नाही आणि ही खेळत नाही, म्हणजे नियमानं दोघी बाद, दोघींच्या नावावर पराभव. त्यांनी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, लिहा. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, त्यांना घेऊन या."

माझ्या सासऱ्यांना मी तिच्याइतका ओळखत नव्हतो, पण डॉक्टर कुठं असतील हे मलाही लगेच कळलं. मोटारसायकल काढली आणि थेट लासुर्ण्याच्या गोठ्यात गेलो.

डॉक्टर पायांत खेळायचे बूट घालून आबांच्या गाईच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून उभ्या होत्या. गाय निवांत रवंथ करत होती. बाजूच्या खाटेवर चहा, पोहे आणि वर उसाचा रस. बाहेर त्यांच्या स्कूटरची दोन्ही चाकं बसलेली होती. दोन्हीतली हवा आपोआप कशी गेली, यावर आबांकडं काही खुलासा नव्हता.

"सकाळपासून ज्या गाई बघतेय त्या सगळ्या माझ्यापेक्षा तब्येतीनं बऱ्या आहेत," डॉक्टर मला म्हणाल्या. "इथं नक्की आजारी कोण आहे?"

खरं उत्तर द्यायचं तर सासऱ्याकडं बोट दाखवावं लागलं असतं. ते मी टाळलं आणि आबांनाच म्हणालो, "आबा, ती सर्व्हिस करत नाही. चेंडू हातात धरून उभी आहे. सर म्हणतात, दोघी बाद. दोघींना पराभव."

आबा गाईच्या पाठीवर हात ठेवून थांबले.

"मंजी ह्या हितं थांबल्या तरी शून्य ग्येलं?"

"गेलं."

"आन् तितं ग्येल्या तर?"

"राहील, नाहीतर जाईल."

आबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खेळाचा विचार केला तो तिथं, गोठ्यात उभं राहून. मग एकदम म्हणाले, "जावईबापू, तुमी फुडं व्हा आन् सरास्नी रोखून धरा. म्या आनतो डाक्टरीणबाईंना." डॉक्टरना माझ्या मागं मोटारसायकलवर बसवलं असतं तर चटकन झालं असतं. पण आबांचा आपल्या ट्रॅक्टरवर जेवढा विश्वास तेवढा माझ्यावर नव्हता.

मी पोचून सरांशी नियमांवर हुज्जत घालत होतो. मला एकही नियम माहीत नव्हता, त्यामुळं हुज्जत लांबवायला अडचण आली नाही. तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत पाचटावर पाय रोवून, एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं रॅकेट धरून डॉक्टर उभ्या होत्या. मागच्या फळीवर 'पराभव ०'. त्या शून्याच्याच ट्रॉलीतून ते मोडायला कुणी यावं, असं तालुक्यात याआधी झालं नव्हतं. रस्त्यात भेटलेले तीनचार ड्रायव्हर आपापले ट्रॅक्टर घेऊन मागं आले होते. कोर्टाभोवती हां हां म्हणता फड भरला.

सरांनी शिट्टी वाजवली. तिनं चेंडू उडवला आणि मारला. तिची सर्व्हिस खरंच देखणी होती. इतकी वर्षं ती एकच गोष्ट तिनं केली होती. चेंडूचा पलीकडं टप्पा पडला आणि तो डॉक्टरांच्या रॅकेटला लागून परत आला. तिच्या उजव्या हाताला, कमरेएवढ्या उंचीवर, अगदी मारण्याजोगा.

ती बघत उभी राहिली.

चेंडू तिच्या शेजारून गेला आणि मागच्या जाळीला लागून थांबला. सरांनी गुण डॉक्टरांना दिला. ती वळली, चालत गेली, चेंडू उचलला आणि हातात फिरवून पाहिला. मग माझ्याकडं बघून हसली. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती अशी हसलेली नाही. मी उगीच सरांचं स्टूल धरून ठेवलं.

पुढच्या सर्व्हिसलाही तेच झालं. सर्व्हिसनंतर काय करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. चेंडू यायचा आणि ही त्याला वाट द्यायची. मग एकदा तिनं घाईघाईनं रॅकेट फिरवली. चेंडू जाळीवरून, डॉक्टरांवरून, कुंपणावरून थेट शेजारच्या उसात गेला. ड्रायव्हर मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला, कारण त्या दिवसातला सगळ्यात लांब गेलेला चेंडू तोच होता. गुण तरीही डॉक्टरांना गेला तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. त्यातला एक जण पुढं येऊन म्हणाला, पंधरा झाले, तीस झाले, मग पंचेचाळीस पाहिजेत, हे चाळीसच कसे, पाच गेले कुठं. सरांनी शिट्टी वाजवून त्याला मागं व्हायला सांगितलं. वजनात मारायला निघाले, असं पुटपुटत तो मागं गेला.

पहिला सेट तिला एकही गेम न मिळता गेला. दुसऱ्यात कसं कुणास ठाऊक, ती गुडघ्यात वाकायला लागली. चेंडूची वाट सोडायची ती चेंडूच्या वाटेवर जायला लागली. एक गेम तिनं जिंकलासुद्धा. आबा सगळा वेळ ट्रॅक्टरच्या सीटवर स्टिअरिंग धरून बसले होते, जणू काही बिनसलं तर पोरीला घेऊन पळून जायचं आहे.

शेवटचा गुण लांबला. चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं. डॉक्टर कोपऱ्यात पळवायच्या, ही पोचायची. ती पोचायची आणि परत मारायची. आबा सीटवर उभे राहिले. शेवटी तिचा चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर पट्टीवरच टेकला आणि तिच्याच बाजूला पडला.

हरलेल्याच्या वेळी काय करायचं असतं हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरनी जाळीपाशी येऊन तिचा हात हातात घेतला. मग ती घामानं निथळत ट्रॅक्टरपाशी आली.

"आबा, चेंडू परत आला," ती म्हणाली.

"बघितला म्या," आबा म्हणाले. "पर किती येळा आला गं."

ते खाली उतरले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून, बैठकीतल्यासारख्याच गंभीर सुरात म्हणाले, "जावईबापू, त्या अटीतून मोकळं केलं तुमास्नी. आता राखायचं काय ऱ्हायलं." ड्रायव्हर मंडळी मात्र ट्रॉलीच्या मागच्या फळीकडं बघत होती. ते शून्य तिथं तसंच होतं, पण त्याच्याकडं आता कुणाला धड बघवत नव्हतं.

आबांनी पेंटरला बोलवायला बरेच दिवस घेतले. मला वाटलं, ते सगळी फळीच कोरी करून टाकतील आणि आईवडिलांचा आशीर्वाद मागतील. महिनाभरानं मी पाळी संपवून त्यांचा डबा घेऊन कारखान्याच्या रांगेत गेलो. त्यांची ट्रॉली लांबूनच ओळखू आली, कारण शून्याच्या जागी ताज्या पिवळ्या रंगातला एकचा आकडा चमकत होता. ट्रॉल्या कलंडायच्या थांबल्या नव्हत्या आणि जास्तही कलंडत नव्हत्या. पण आबांच्या मागं नंबर लावायला आताही गर्दी होती.

आबा खाली उभे होते. हातात उसाचं कांडकं, भोवती सात-आठ ड्रायव्हर. आबा गुडघ्यात वाकले, कांडकं उजवीकडं फिरवलं, धावत डावीकडं गेले आणि पुन्हा फिरवलं. मग डॉक्टर झाले, मग परत मुलगी झाले. इतक्या वर्षांत त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतंच. जिंकली, एवढं म्हणून गोष्ट संपायची. तेवढ्यात पुढची रांग सरकली. वजनकाट्यावरून माणूस आबांना हाका मारायला लागला. आबांनी त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं, कारण चेंडू अजून हवेत होता. मागच्या एकाही ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला नाही.

मी डबा सीटवर ठेवून घरी आलो आणि बायकोला सांगितलं की आबा रांगेत तुझा सामना सांगत होते.

"कुठला गुण?" तिनं विचारलं.

"शेवटचा."

"तो तर मी घालवला."

"तोच सांगत होते."

ती पोळ्या लाटता लाटता थांबली. कोनाड्यातला चेंडू घेतला, तसाच पिठाच्या हातानं, आणि माझ्याकडं टाकला. मी अटीतून सुटलेला माणूस. तो झेलला आणि तिच्याकडं परत टाकला.